सुखना नावाची निळी

सेक्टर ४५, चंदीगड
नोव्हेंबर

प्रिय नरेंद्र,

आधी मी माझ्या हातांनी काय काय केलं आहे ते लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना बोलतोय कोण हे तुझ्या ध्यानात राहील. शिलाई मशीनच्या मोटरवर चालणारा लेथ मी केला. त्या लेथवर एबोनाइटच्या कडक रबराचे पेन केले. त्यातला पहिला जरा वाकडा होता आणि तो तुझ्याकडे आहे. काँप्युटरच्या जुन्या पंख्याला दोन चुंबकं चिकटवून शाई ढवळायचं यंत्र केलं, ते तुमच्या लॅबमधल्या यंत्रापेक्षा कमी आवाज करायचं हे तूच कबूल केलं होतंस. लोकांच्या पडून वाकलेल्या निबा सरळ केल्या, जाड निबा घासून बारीक केल्या. सुनेत्रासाठी शिसवी पोळपाट केला. आमच्या लेकीच्या, पूर्वीच्या, सायकलचं मागचं चाक एकेक तार ओवून उभं केलं. शाया केल्या: विटकरी, शेवाळी, एक वाळलेल्या जांभळाच्या डागासारखी, आणि निळी. यातलं काहीही मला कोणी शिकवलेलं नाही. पाण्यात न हलणारी निळी मात्र या यादीत नाही. ती तू केलीस.

तुझं पार्सल दसऱ्याच्या आधी मिळालं. फोन केला नाही, कारण फोनवर माझा आवाज कसा लागला असता ते मला माहीत होतं. बाटलीभोवती सांगलीचा पेपर गुंडाळलेला, आत चिठ्ठी: "लक्ष्या, खोट काढ. तुझ्याएवढा किरकिरा माणूस इकडे मिळाला नाही." चिठ्ठी वाचून हसलो. मग लेबल वाचलं आणि हसू गेलं. सुखना. मर्दा, तलाव माझ्या शहरात, आणि नाव तू कृष्णेच्या काठावर बसून ठेवलंस! तुमच्याकडे आहे की नदी, तिचं ठेवायचं. जानेवारीतली ती रविवारची सकाळ तुला आठवत असणारच, म्हणून तर हे नाव. रात्रभर पाऊस पडून गेलेला, कसौलीचे डोंगर हात लावावा इतके जवळ आलेले, आणि पाण्याचा तो रंग. आपण दोघं डेराबस्सीच्या त्या औषधाच्या कारखान्यातले, तू लॅबमधला पांढरा कोट, मी मेंटेनन्समधला ग्रीसचा हात. आठवड्यातून एकदा अंगाचा वास घालवायला तलावावर जायचो. ही निळी बाटलीत भरली पाहिजे, हे वाक्य त्या दिवशी मी बोललो होतो. तू म्हणालास, "भरू की." आता तू लोकांना सांगताना उलटं सांगत असशील. सांग बापडा. पण मी बोललो होतो.

तेव्हा खरं लिहायचं तर बाटली उघडायच्या आधीच मी ठरवून टाकलं होतं की ही माझी निळी आहे. सेक्टर ३८ मधल्या त्या बरसातीवर, गच्चीवरच्या खोलीत, आपण शाई उकळायचो तेव्हा गुलाबी रंगाची जी चिमूट मी निळ्यात टाकायचो, ती कुठली आणि किती, हे जगात दोघांनाच माहीत होतं. घरमालकीण आंटीचं पनीरचं पातेलं आपण वापरलं होतं ते आठवतंय? "ओए मुंडेयो, मेरे पतीले विच स्याही!" म्हणत ती लाटणं घेऊन जिना चढली होती आणि तू एम.एस्सी. झालेला माणूस माझ्या पाठीमागे लपलास. पुढे तिच्याकडचं पनीर महिनाभर आभाळी रंगाचं यायचं, आणि ती माऊली तेच आपल्याला वाढायची. त्या पातेल्यातली निळी पाण्याचा थेंब पडला की रडायची. तू सांगलीला परत गेलास तेव्हा ती रडतच होती. मी इथे राहिलो आणि तिचं रडणं थांबवायच्या मागे लागलो. आणि आता तू माझ्या हातात बाटली ठेवतोस. माणसाला काय वाटणार, सांग.

सध्या मला वेळ बराच असतो, त्यामुळे लगेच कामाला लागलो. रोजच्या लिहिण्यातला काळा पेन घेतला, तुझी शाई भरली, झेरॉक्सच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, जेवण होईपर्यंत वाळू दिल्या आणि कागद नळाखाली धरला. नरेंद्र, निळी वाहिली! अक्षरांच्या कडेनं फिकट निळा धूर निघाला आणि बेसिनमध्ये गेला. अक्षरं वाचता येत होती, पण मी तिकडे पाहिलंच नाही, मी धुराकडे पाहत होतो. तुला सांगायला लाज वाटत नाही, मी खाली जाऊन जिलेबी आणली. सुनेत्रानं विचारलं, "अहो, कुणाचा वाढदिवस?" मी म्हटलं, सहज. पूर्वी म्हणाली, "पापा, आप इतने खुश क्यूँ हो, यार?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. मी त्या कागदाचा फोटो काढला आणि आमच्या पेनवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "सुखना डूब गई." बऱ्याच जणांनी हसरे चेहरे पाठवले. ते चेहरे मी झोपेपर्यंत मोजत होतो, असं समज.

दुसऱ्या दिवशी तोच पेन धुवायला काढला. फीड उपसलं, म्हणजे निबेखालचा तो खाचांचा तुकडा, आणि पाण्यात टाकलं. पाणी निळं झालं. पुन्हा पाणी बदललं, पुन्हा निळं. आणि त्या निळ्याला कडेनं गुलाबी झाक होती. तू आत्ताच ओळखलं असशील. काळ्या पेनमध्ये आधी माझी निळी होती. मी तो वरवर एकदा पाणी ओढून धुतला होता आणि तुझी शाई भरली होती. मी! जो ग्रुपवर नव्या पोरांना बजावतो की फीड उपसून धुतल्याशिवाय दुसरी शाई भरायची नाही, तो मी. कागदावरून वाहून गेली ती माझी निळी, आणि अक्षरं धरून बसली होती ती तुझी. ज्या धुरासाठी जिलेबी आणली, तो धूर माझाच होता.

हे कुणाला कळलं नसतं. फोटोवरून काही सिद्ध होत नाही, आणि ग्रुपवर माझा शब्द खाली पडत नाही. दोन दिवस मी गप्प बसलो. मग रविवार आला. सेक्टर ३४ च्या कोचिंग क्लासांच्या मागे एक चहावाला आहे, तिथे आम्ही पेनवाले जमतो. बँकेतून रिटायर झालेले ग्रेवालसाहेब आमचे म्होरके. ते आल्या आल्या म्हणाले, "लक्ष्मीकांतजी, सुना है आपने मराठे को पानी पिला दिया!" सगळे हसले. मी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणालो की चूक माझी आहे, पेन माझा घाण होता, ती शाई डुबली नाही. नवा, कोरा पेन मी बरोबर आणला होता. तुझी शाई भरून सगळ्यांसमोर लिहिलं, चहावाल्याकडचं पाणी मागून त्यावर ओतलं, मग बोट घासलं. काही नाही. अक्षर न् अक्षर जागेवर. ग्रेवालसाहेबांनी कागद उन्हात धरला आणि म्हणाले, "तुहाडे यार ने तां कमाल कर दित्ती!" यार म्हणाले ते. तो शब्द मला बरा वाटला की टोचला, ते अजून ठरत नाही. पण ग्रुपमध्ये दोघा-तिघांनी तिथल्या तिथे तुझ्या शाईची मागणी नोंदवली, ते मात्र नक्की टोचलं.

तरी माझा हेका सुटला नव्हता. वाहत नसेल, पण रंग माझाच, असं म्हणत घरी आलो. टीपकागदाची पट्टी कापली, तळाशी तुझ्या शाईचा ठिपका दिला आणि पट्टी वाटीभर पाण्यात उभी केली. शेजारी माझ्या शाईची. तुला माहीत आहे, पाणी कागदातून वर चढतं तसे शाईतले रंग सुटे होतात, आणि माझी निळी असेल तर ती चिमूट सगळ्यात पुढे पळते, वर गुलाबी रेघ सोडते. माझ्या पट्टीवर ती रेघ आली. तुझ्या पट्टीवर काहीच चढलं नाही. ठिपका दिला तिथेच बसून राहिला, दगडासारखा. मी पाण्याऐवजी स्पिरिट घेतलं. तरी नाही. म्हणजे तुझ्या शाईत रंग विरघळलेलाच नाही, त्याचे कण आहेत, दळलेले, इतके बारीक की निबेतून जातात. ही वाटच वेगळी. मी एवढी वर्षं विरघळणाऱ्या रंगाला टिकायला लावत होतो, आणि तू विरघळणारा रंगच टाकून दिलास. त्यात माझं काही नाही. चिमूट नाही, पातेलं नाही. चोरी निघाली असती तर बरं झालं असतं, नरेंद्र. चोराचा राग करता येतो. ज्यानं स्वतःच्या अकलेनं केलं त्याचं काय करायचं?

जळफळाट म्हणतात तो हाच, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी त्याला काटेकोरपणा समजत होतो. तुझ्याकडे डिग्री होती म्हणून, घरची जागा होती म्हणून, लीनावहिनींचा पगार होता म्हणून, अशी कारणं मी भाजी निवडताना निवडत बसायचो. एकही कारण त्या पट्टीवर चढत नव्हतं. कणांची शाई निबेत वाळून बसते, ही शेवटची आशा होती. पेनचं टोपण काढून तो खिडकीत ठेवला, इथल्या कोरड्या वाऱ्यात. संध्याकाळी कागदाला लावला, पहिल्या रेघेलाच उठला. मी त्या पेनला शिवी दिली. मराठीत. पूर्वीनं कान टवकारले, तिला तेवढं नवीन होतं.

सगळ्यात वाईट अजून सांगितलं नाही. आपल्या जुन्या रीतीप्रमाणे नावं न लिहिता दोन कागद सुनेत्रापुढे ठेवले. ती कुणाची बाजू घेत नाही, म्हणून तर तिचा शब्द आपण दोघंही मानायचो. ती गणिताच्या वह्या तपासत होती; हल्ली ती संध्याकाळी सेक्टर ३४ मधल्या एका क्लासात शिकवायला जाते. तिनं दोन्ही कागद दिव्याखाली घेतले, चष्मा वर केला, खाली केला. एकावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे असं हसून पाहिलं, जसं तिनं बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं. म्हणाली, "अहो, या वेळी जमलं तुम्हाला." बोट तुझ्या निळीवर होतं. मी तिला सांगितलं नाही की ती माझी नाही. नंतर सांगितलं. आधी चहा झाला, तिनं दोनदा त्या कागदाचं कौतुक केलं, आणि ते मी ऐकून घेतलं. मग सांगितलं. तिनं तो कागद परत दिव्याखाली धरला. मग म्हणाली, "नरेंद्रभावजींचं? बरं झालं." आणि वह्या ओढल्या. आता तिच्या पेनात तुझी शाई असते. मुलांच्या पाण्याच्या बाटल्या वह्यांवर सांडतात, तिला सोयीची पडते. मीच भरून देतो.

तू खोट काढायला सांगितलीस, तर काढली आहे, लिहून घे. थंडीत ती हळू वाळते. इथल्या धुक्यात डावरा माणूस तिनं हात माखून घेईल. कॅलेंडरसारख्या गुळगुळीत कागदावर ती आत शिरत नाही, बोटाला लागते. बाटलीचं तोंड अरुंद आहे, माझ्या जाड पेनाची निब बुडत नाही. तू सगळे पेन स्वतःच्या पेनासारखे धरतोस, ही तुझी जुनी सवय. आणि आता खास. तुझ्या बाटलीचं लेबल मी ओल्या हातानं धरलं, तर त्यावरचं "पाण्यात टिकणारी" हे सगळ्यात आधी गेलं. मर्दा, पाण्यात टिकणाऱ्या शाईचं लेबल पाण्यात धुऊन जातं! हे वाचून लीनावहिनी तुला काय म्हणतील ते ऐकायला मी सांगलीपर्यंत यायला तयार आहे. तेवढ्या एका गोष्टीवर मी दोन दिवस खूष होतो. लेबल तुझ्याच शाईनं हातानं लिही, मी सांगतो.

रंगाला खोट नाही. पावसानंतरची, डोंगर जवळ आलेली, तीच ती. मी काल मुद्दाम तुझा कागद घेऊन तलावावर गेलो होतो. हवेत धूर होता, डोंगर दिसले नाहीत, पाणी राखाडी. कागदावर मात्र ती सकाळ होती. मी बाकावर बसलो. शेजारी एक काका प्राणायाम करत होते, त्यांनी विचारलं, "भाईसाहब, तबीयत ठीक है?" मी म्हटलं, जी, पक्का ठीक.

इथवर मी माझ्या निळीनं लिहिलं, तेव्हा हे पत्र पाण्यापासून जपून ठेव. इथून पुढचं तुझ्या सुखनानं लिहितोय, कारण तेवढं राहिलं पाहिजे. मार्चपासून मी कारखान्यात नाही. मेंटेनन्सचं काम त्यांनी बाहेरच्या ठेकेदाराला दिलं, आणि मी पेन दुरुस्त करतो, हे तुला सांगितलं नव्हतं. परवा दिल्लीच्या एका कंपनीचा माणूस घरी आला. आमच्या ग्रुपवर तो गप्प बसून असतो. त्यानं माझा तो डुबलेला फोटो पाहिला होता, नंतर मी तिथे लिहिलेली माफीही वाचली होती. सुनेत्रानं त्याला चहा दिला. तो म्हणाला, "सर, ये ब्लू आप ही तोड़ सकते हो. और आपका मन भी है, हमने पढ़ा है." तुझी शाई उकलून त्यांना करून द्यायची, ते स्वस्तात बाजारात आणणार, दिवाळीनंतर लगेच. मन आहे, म्हणजे तुला हरवायची इच्छा आहे, हे त्याला ग्रुपवर वाचून कळलं, आणि मला वाटत होतं मी ते झाकलं आहे. आणि नरेंद्र, मला ती उकलली आहे. कण खाली का बसत नाहीत ते मला कळलं आहे. इथे लिहीत नाही, पत्र कुणाच्याही हाती पडेल. तो येण्याआधीच प्लास्टिकच्या वाटीत थोडी करूनही पाहिली होती. तुझ्याइतकी नाही, पण बाजाराला चालेल इतकी झाली. तो गेल्यावर ती मी मोरीत ओतली. वाटी घासली, निळीच राहिली. ती वाटी आता माझ्या पट्टीकागदांच्या शेजारी आहे आणि तिच्यातली निळी सुरुवातीच्या यादीत मी धरलेली नाही, धरणारही नाही. माझ्या यादीत दुसऱ्याचं काही नाही. पण मी नाही म्हटलं म्हणून ते थांबणार नाहीत, दुसरा कुणी गाठतील, आणि कुठूनतरी तुझ्या कानावर येईल की ते आधी लक्ष्मीकांतकडे गेले होते. ते तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. तुझ्या शाईचं जे काही कागदोपत्री नोंदवून ठेवायचं ते या आठवड्यात नोंदव. दारात उभं राहून त्यानं आकडा पुन्हा सांगितला, मला नीट ऐकू आलं नाही असं त्याला वाटलं असावं. सुनेत्रा आत वह्या घेऊन बसली होती, तिलाही ऐकू गेला. सहा लाख रुपये. मी नाही म्हटलं.

तुझ्यावर जळणारा, आणि तरी तुझाच,
लक्ष्मीकांत